हाकललेला नवरदेव

आमच्या घरी फोन आला आणि माझ्या आईच्या डोक्यात हवा गेली. नव्वदीची सुरुवात होती. गिरगावातली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहायला आलो होतो. इमारती नव्या, रस्ते कच्चे, पलीकडे खाडी, आणि फोनसाठी अर्ज करून लोक म्हातारे व्हायचे. बाबांना ऑफिसच्या कोट्यातून फोन मिळाला आणि आम्ही एकदम बडे लोक झालो. अर्ध्या गल्लीने आमचा नंबर आपापल्या नातेवाइकांना ‘पीपी’ म्हणून वाटून टाकला. पीपी म्हणजे फोन आमचा, निरोप त्यांचा, आणि जिने उतरून हाका मारायला जायची मी.

त्या पीपीवाल्यांत एक मासळीवाली मावशी होती. ती उत्तनची, ख्रिस्ती. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, बसने भाईंदर पश्चिमेला यायची आणि पूल ओलांडून पाटी डोक्यावर घेऊन आमच्या नाक्यावर बसायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा आखातात वेल्डर. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा. मावशी पाटी खाली जिन्याजवळ ठेवून वर यायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची आणि फोनशेजारी स्टुलावर बसायची. आई तिला चहा द्यायची. समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बेन नाकाला पदर लावून म्हणायच्या, “अंदर क्यूं बिठाते हो? पूरा माळा बास मारता है.” त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, “उसका लडका फॉरेन में है.” जणू फॉरेनला मुलगा असला की बांगड्याचा वास मोगऱ्यासारखा येतो.

पुढच्या महिन्यात मावशीच्या मुलाचं लग्न होतं. मुलगी उत्तनचीच, आमच्याकडच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. मुलीच्या बापाची स्वतःची बोट होती आणि त्या माणसाचा गावात मोठा दरारा. त्याच्या बोटीवर एक खलाशी दारू पिऊन शिवीगाळ करायला लागला, तेव्हा त्याने बोट फिरवून परत किनाऱ्याला आणली, त्याला उतरवलं आणि पुन्हा कधी चढू दिलं नाही, ही गोष्ट मावशीने आम्हाला कितीदा तरी सांगितली होती. “त्यानं उतरवला म्हंजे उतरवला, बाय. मग देव आला तरी न्हाय.” अशा माणसाने आपल्या पोराला पसंत केलं, याचा तिला केवढा अभिमान! मासे तोलतानासुद्धा व्याह्याचं कौतुक चालायचं, आणि गिऱ्हाईक कंटाळून दोन बोंबील जास्त मागायचं.

त्यांच्यात एक पद्धत आहे. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी फादर नवरा-नवरीची नावं मोठ्याने वाचतात आणि सांगतात, या लग्नाला कुणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने कळवावं. पहिला रविवार पार पडला होता. मावशीने आम्हाला नारळाची वडी आणून दिली होती.

आणि मग भलत्याच वारी, मंगळवारी सकाळी, फोन वाजला. परदेशातल्या फोनची घंटा लांब वाजायची. मी उचलला. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. पलीकडून मावशीचा मुलगा घाईघाईत बोलत होता, मागे गलका चालू होता.

“आईला सांगा, मला डिपोर्ट करतायत. शनिवारी मुंबईला उतरवतील.”

“अहो पण का? काय झालं?”

“काही केलं नाही मी. आमच्या कंपनीचं काम बंद पडलं, म्हणून दुसरीकडे वेल्डिंगला गेलो. व्हिसा पहिल्या कंपनीच्या नावावर. इथे तो गुन्हा धरतात. धाड पडली, सगळ्यांना उचललं. आईला नीट सांगा हां, घाबरवू नका.” आणि फोन कट.

नीट सांगा म्हणे!  बाबांनी रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडून आणलेली जाडजूड डिक्शनरी मी सवयीने काढली. शब्द मला माहीत होता, तरी काढली. वाटलं, एखादा सौम्य अर्थ सापडला तर मावशीला तो सांगू. पहिला अर्थ सरळ होता, परक्या माणसाला देशाबाहेर काढणं. त्याच्या खाली दुसरा होता, चारचौघांत अमुक तऱ्हेने वागणं, स्वतःला सांभाळणं. मला डिक्शनरीचाच राग आला. ज्याला हाकलतात त्याच्या वागण्याचा हिशेब त्याच शब्दात घालून ठेवायची काय गरज होती? मी पुस्तक धाडकन मिटलं आणि नाक्यावर गेले.

मावशी मांदेल्यांवर पाणी शिंपडत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. जमेल तेवढं मऊ सांगितलं.

“म्हंजे हाकलला त्याला?” ती म्हणाली.

“हाकलला नाही हो मावशी, परत पाठवतायत.”

“पोलीस घालून?”

मी नुसती मान हलवली.

“काय केलं त्यानं?”

“काही नाही केलं.”

“काय न्हाय केलं तर हाकलतील कशाला, बाय?” तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. “गाव हेच म्हणणार. चोरी केली असंल, दारू प्याला असंल, बाईमाणसाचं काय असंल. आणि व्याही? तो तर पहिल्याच दिवशी उतरवंल.” तिने पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना उठली. मी तिला अशी उठताना कधी पाहिलं नव्हतं.

घरी आणली. आईने सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत तिचा बेत तयार होता. माझ्या आईला लोक काय म्हणतील याचं वेड होतं. गिरगावात पाहुणे यायचे असले की ती शेजारणीची काचेची भांडी मागून आणायची आणि पाहुण्यांसमोर म्हणायची, रोजच्यातलीच आहेत हो.

“लोकांना कळायचं कारणच काय?” आई म्हणाली. “तो लग्नासाठी सुट्टीवर आला, एवढंच. फक्त खोकी पाहिजेत.”

खोकी! हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. आखातातून माणूस आला की टॅक्सीच्या टपावर दोरीने करकचून बांधलेली खोकी यायची. त्यांवर जाड काळ्या अक्षरांत नाव, मुंबई, इंडिया. गल्लीतली पोरं मागे धावायची. माणूस नंतर दिसायचा, आधी खोकी दिसायची. जो खोक्यांशिवाय आला तो हाकललेला, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

“आपण खोकी तयार करू,” आई म्हणाली. “तो विमानतळावरून थेट इकडे येऊ दे. इथून टॅक्सी करून, वर खोकी बांधून उत्तनला जाऊ दे.”

“आई, तुला वेड लागलंय का?” मी ओरडले. “त्याने चूक केलेली नाही, आणि आता तू त्याला खोटारडा करणार?”

“तू गप्प बस. तुझं लग्न व्हायचंय अजून, मग कळेल.”

“ह्यात माझं लग्न कुठून आलं?”

“सगळ्यात येतं.”

मला वाटलं होतं मावशी नाही म्हणेल. पण मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, “किती खोकी बरी दिसतील?” झालं. मी कपाळाला हात लावला.

शुक्रवारपर्यंत आमच्या हॉलचं गोदाम झालं. टीव्हीचं मोठं खोकं कुणी दिलं, तर समोरच्या बेननी! आईने त्यांना काय सांगितलं देव जाणे. बेन स्वतः खोकं घेऊन आल्या, वर म्हणाल्या, “लडके का शादी बराबर होना चाहिये.” मावशीला त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ‘बेन’ म्हटलं. आईने मुंबईला जाऊन परदेशी साबण, अत्तराच्या बाटल्या आणि दोन जाड फुलाफुलांची ब्लँकेटं आणली. तरी खोकी भरेनात, तेव्हा खाली जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि वजनाला आमचा खलबत्ता घातला. आई मार्कर घेऊन जमिनीवर मांडी घालून बसली आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं. मग दोरी आवळून खोकं उभं केलं. मी बघितलं आणि मला हसू आवरेना. एका बाजूला ठसठशीत छापलं होतं, मेड इन इंडिया.

“हस, हस,” आई म्हणाली. “ती बाजू टॅक्सीत खाली ठेवायची.”

मावशीही हसली. त्या आठवड्यात ती तेवढी एकदाच हसली.

शनिवारी विमानतळावरून त्याचा फोन आला, आईने त्याला इकडेच बोलावलं, आणि दुपारी तो आला. दार मीच उघडलं. हातात विमान कंपनीची प्लास्टिकची पिशवी, पायात स्लिपर. तेवढंच. पण शर्ट आत खोचलेला होता आणि केसांचा भांग पाडलेला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी उचललेला माणूस इतका टापटीप कसा, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं, कारण तो जरा ओशाळून म्हणाला, “विमानात पोलिसांनी आणून बसवलं ना. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला. मग मी संडासात जाऊन पाण्याने भांग पाडला. म्हटलं, आता जो बघेल त्याला मी गुन्हेगार वाटायला नको.”

मावशी त्याला बिलगली नाही. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. “मारला तर न्हाय ना कुनी?”

“न्हाय, आये.”

तेव्हा कुठे ती रडली. आईने त्याला जेवायला वाढलं. भात, कालवण, तळलेली मांदेली. तो मान खाली घालून जेवला, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुऊन आला. तेव्हा त्याला खोकी दिसली. खोक्यांवर त्याचं नाव.

“हे काय?”

आईने उत्साहाने सगळा बेत सांगितला. टॅक्सी किती वाजता, कोणतं खोकं टपावर, गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मोठ्या माणसांना मधे तोडायचं नाही, हे वळण त्याला होतं.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्ही खूप केलंत. पण हे कुणाला दाखवायचं? तिला माहीत आहे.”

“कुणाला?”

“जिच्याशी लग्न आहे तिला. इथे फोन करायच्या आधी मी तिच्या कारखान्यात फोन केला होता. आधी तिला सांगितलं, मग तुम्हाला.”

मावशी स्टुलावर बसली. “आणि तिनं?”

“तिने त्याच दिवशी घरी सांगितलं. बापाला.”

 मलाच पहिल्यांदा राग आला. म्हणजे आम्ही चार दिवस खलबत्ते भरत बसलो आणि ज्याच्यासाठी हे सोंग, तो बोटवाला सगळं जाणून!  “परवा बंदरावर भेटला,” मावशी म्हणाली. “मना म्हनला, पापलेट बरी हायत का? तेवढाच. मी हसून बोलले त्याच्याशी. पोर सुट्टीवर येतो म्हनले.” तिने पदर तोंडाला लावला. “खोटं बोलले मी त्याच्या तोंडावर.”

“मग काय म्हणाले ते? लग्न मोडलं की आहे?” आईने विचारलं. 

“काही म्हणाले नाहीत,” मुलगा म्हणाला. “आज विमानतळावरून तिला परत फोन केला. तिच्याकडे त्यांनी निरोप दिलाय, रविवारी मिस्साला ये म्हणावं, बघू कसा येतो. बास.”

उद्याचाच रविवार होता, नावं वाचायचा. अडथळा कळवा म्हणून फादर विचारणार, तो.

मावशी एकदम उठली. “खोकी नेऊया,” ती म्हणाली. “गावाला तरी कळायला नको. व्याही एक वेळ गप्प बसंल, गाव न्हाय बसनार.”

“न्हाय, आये.”

“अरे, तोंड कुठं दाखवू मी?”

“माझ्याबरोबर दाखव. मी चालत जाणार. बस स्टॉपवरून घरापर्यंत, आणि उद्या घरापासून चर्चपर्यंत. कुणी विचारलं तर सांगणार. हाकलला मला, हे खरं. पण चोरासारखा टॅक्सीत लपून आलो, तर मी काहीतरी केलं हेसुद्धा खरं होईल.”  तो शूर वगैरे अजिबात वाटत नव्हता. पिशवीचा बंद त्याने बोटाभोवती इतका गुंडाळला होता की बोट लाल झालं होतं.

 आईने आत जाऊन बाबांचे नवे सँडल आणले. “स्लिपर घालून नको जाऊस. हे तरी घाल. हे काही खोटं नाही.” बाबा संध्याकाळी घरी आल्यावर सँडल शोधत होते, ते वेगळंच.

रविवारी आम्ही दोघी पहिल्या बसने उत्तनला गेलो. आईला मी म्हटलं, आपलं काय काम? ती म्हणाली, “खोकी मी भरली, आता निकाल ऐकायला नको?” चर्चमध्ये आम्ही अगदी मागच्या बाकावर बसलो. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मावशी आमच्याजवळ येऊन बसली, पुढे जायला तिचे पाय तयार नव्हते. तिने लाल लुगडं नेसलं होतं, चांगल्या दिवसाचं.

मग तो आला. उघड्या दारातून आम्हाला तो लांबून येताना दिसत होता. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. एका ओट्यावरून कुणीतरी मोठ्याने विचारलं, “काय रं, खोकी न्हाय आनली?” हसण्याचा आवाज आला. तो थांबला. मावशीने माझं मनगट धरलं. तो म्हणाला, “न्हाय आनली, काका. धाडीत सापडलो. परत पाठवला.” एवढंच, आणि चालायला लागला. हसणं बंद झालं. मी देवधर्म न मानणारी पोरगी, पण त्या वेळी मनात म्हणत होते, ह्याला आता तरी दारापर्यंत नीट येऊ दे.

तो आत आला, क्रूसाची खूण केली आणि पुरुषांच्या बाजूला मधल्या एका बाकावर टोकाला बसला. बाक भरलेला होता. तो बसल्यावर शेजारचे दोघे हळूच आत सरकले. गर्दी म्हणून सरकले असतील. पण मधे हातभर जागा राहिली, आणि ती सगळ्या चर्चला दिसत होती. मावशी मला दुखेल इतकं मनगट दाबत होती.

नवरी बायकांच्या बाजूला पुढे बसली होती. तिने एकदाच मागे वळून पाहिलं. तिचा बाप सगळ्यात पुढच्या बाकावर, पांढरा शर्ट, मान ताठ, दगडासारखा. तो वळलाच नाही.

फादरनी नावं वाचली. त्याचं, बापाचं, गावाचं. तिचं, बापाचं, गावाचं. मग म्हणाले, या विवाहाला कुणाला काही अडथळा माहीत असेल, तर त्याने कळवावं. हे दर वेळी म्हणतात आणि पुढे जातात. पण त्या दिवशी फादरही क्षणभर थांबले. कळलं असणार त्यांनाही, गावच ते.

आणि पुढच्या बाकावरून बोटवाला उठला.

“मेले मी,” मावशी म्हणाली. आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

तो मधल्या वाटेने मागे यायला लागला. कुणाकडे बघत नव्हता. वाटलं, सरळ दाराबाहेर जाणार आणि लग्न तिथेच संपणार. तो त्या बाकापाशी येऊन उभा राहिला. मुलगा उठून उभा राहिला, हात बाजूला सोडून. बोटवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भांग, खोचलेला शर्ट, माझ्या बाबांचे सँडल. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“सरक की जरा आत. मना बसू दे.”

मुलगा आत सरकला. ती हातभर जागा भरली. सासरा त्याच्या शेजारी बसला आणि फादरांकडे बघून मान हलवली, की चालू द्या. फादर पुढचं वाचायला लागले.

मावशी हुंदके देऊन रडायला लागली, चर्चमध्ये, मोठ्याने, आणि पुढच्या बायका वळून शू शू करायला लागल्या. “रडू द्या तिला,” माझी आई त्यांच्यावर खेकसली, जणू चर्च तिच्या बापाचं होतं.